अलिबागची पायी फेरी

 

येत्या हिवाळ्यात आपल्यापैकी काही कुटुंबे कोकणात जाणार आहेत. त्यांचा अलिबागचा कार्यक्रम मला दाखवण्यात आला. मांडव्याला लाँचमधून उतरायचे, गाडीने सिनेगॉगपाशी यायचे, दाराशी छायाचित्र काढायचे, नवगावच्या स्मारकाला नमस्कार करायचा आणि दिवेलागणीच्या आत मुंबई गाठायची. अर्ध्या दिवसात सगळ्या पूर्वजांना उरकण्याचा हा बेत पाहून मला राहवले नाही. अलिबाग हे माझे जन्मगाव. ते पायी पाहण्याजोगे आहे आणि त्यासाठी वाटाड्याची गरज नाही. डोक्यावर टोपी, हातात पाण्याची बाटली आणि चार तासांची सवड असली म्हणजे पुरे.

आरंभ मात्र समुद्रापासून करावा, कारण गावातले बाकी सर्व तुमच्यासाठी थांबेल, ओहोटी थांबणार नाही. कुलाबा किल्ला पाण्यात उभा आहे आणि ओहोटीच्या वेळीच तेथे वाळूवरून चालत जाता येते. ही वेळ काढण्याचा एक ठोकताळा माझे वडील कोळी मित्रांकडून शिकले होते. तिथीची पाऊणपट करावी, तितक्या वाजता पूर्ण भरती. पौर्णिमेनंतर पुन्हा एकापासून मोजावे. पंचमीला पावणेचारच्या सुमारास भरती, म्हणजे त्याच्या सहा तास आधी, सकाळी साडेनऊ-दहाला ओहोटी. आपले महिनेही चंद्राचेच असल्यामुळे वडील रोश होदेशपासून दिवस मोजत आणि उत्तर जवळजवळ बरोबर येई. एखाद्या दिवसाचा फरक पडतो, तेवढा चालतो. महिन्याच्या तिसऱ्या ते पाचव्या दिवशी, किंवा अठराव्या ते विसाव्या दिवशी गेलात, तर सकाळची वेळ साधेल. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. त्या दिवसांत पाणी फारसे ओसरत नाही आणि घोडागाडी करावी लागते. हिशेब कितीही पक्का केला, तरी पाण्यात पाय घालण्यापूर्वी किनाऱ्यावरच्या माणसाला विचारावे. पावसाळ्यात तर हा विचारच करू नये.

किल्ल्याचे काम शिवाजी महाराजांनी १६८० साली, आपल्या अखेरच्या दिवसांत सुरू केले आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पूर्ण झाले. तटाचे प्रचंड दगड चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेले आहेत. लाट आदळली की पाणी फटींत शिरते आणि तिचा जोर मोडतो. तीन शतकांहून अधिक काळ समुद्राशी झुंजलेला हा तट हात लावून पाहावा. पुढे कान्होजी आंग्रे यांनी येथूनच आपले आरमार चालवले. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून केलेली स्वारी येथे फसली. आत १७५९ साली राघोजी आंग्रे यांनी बांधलेले गणेशाचे मंदिर आहे, आणि चहूकडे खारे पाणी असता गोड्या पाण्याची विहीरही आहे.

या तटावर उभे राहून मुलांना चुरीकरांची गोष्ट सांगावी. हाईम शमुएल केहीमकर यांनी आपल्या इतिहासात नोंदवले आहे की, आंग्र्यांच्या आरमारात अहरोन चुरीकर हे नायक होते आणि त्यांना इनाम मिळाले होते. केहीमकरांचा हा ग्रंथ १८९७ साली लिहून झाला आणि चाळीस वर्षांनी तेल अवीवमध्ये छापला गेला. आपण म्हणजे केवळ तेल गाळणारे लोक, असे जे आपल्याच मुलांना वाटते, त्याला हे एक उत्तर आहे. तेल गाळण्यात कमीपणा होता, असे मात्र कोणी समजू नये. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या तेल्याला सारे कोकण ‘शनवार तेली’ म्हणून ओळखत होते. शब्बाथ पाळल्याचा याहून मोठा पुरावा कोणता?

पाणी वर चढू लागण्याच्या आत परत फिरावे. किनाऱ्यालगतच वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार आणि त्यांच्यामुळे कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकसुया बिघडणार, म्हणून १९०४ साली नानाभाई मूस या पारशी शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली ते काम अलिबागेस आणले गेले. इमारतीत लोखंड नको म्हणून पोरबंदरचा दगड वापरला. आत सहसा सोडत नाहीत, बाहेरूनच पाहावे. जवळच तळ्याकाठी हिराकोट आहे. काळ्या दगडांच्या या कोटात पुढे तुरुंग झाला. गावात कान्होजींची समाधी आहे, तेथे क्षणभर थांबावे. या तिन्ही ठिकाणी मी तुम्हाला अधिक रेंगाळायला सांगत नाही. आपला वेळ बाजारासाठी राखायचा आहे.

मासळी बाजार हे पाहण्याचे स्थळ कसे, असे कोणी म्हणेल. कोळणीच्या पाटीपुढे उभे राहा आणि नीट पाहा. एकीकडे पापलेट, रावस, बांगडा. दुसरीकडे कोळंबी, चिंबोऱ्या, तिसऱ्या, मुशी. पहिल्या पाटीतल्या माशांना पंख आणि खवले आहेत, दुसरीतल्या जिन्नसांना दोन्ही नाहीत किंवा आपल्या शास्त्राप्रमाणे पुरेसे नाहीत. दाविद राहाबी कोकणात आले, तेव्हा त्यांनी आपल्या स्त्रियांपुढे मिसळलेली मासळी ठेवली आणि शिजवायला सांगितले, ही परंपरेने आलेली कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. स्त्रियांनी पंख-खवल्यांचे मासे निवडून वेगळे केले, बाकीचे बाजूला सारले आणि राहाबींची खात्री पटली. राहाबी नेमके कोणत्या शतकात आले याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. काहीजण त्यांना अठराव्या शतकातील कोचीच्या राहाबी घराण्याशी जोडतात. शतक कोणतेही असो, ती परीक्षा अशाच एखाद्या पाटीपुढे झाली असणार. पुस्तके नव्हती, हिब्रू विसरली होती, ‘शेमा’ तेवढा ओठांवर उरला होता, आणि नियम मात्र बायकांच्या हातांत शाबूत होता.

ही कथा मला एरवीही आवडली असती, पण ती माझ्या घरात एकदा घडली आहे. आम्ही या देशात आलो, त्या काळी आपल्या लोकांच्या लग्नाआधी पूर्वजांची चौकशी होत असे. १९६४ साली त्याविरुद्ध जेरुसलेममध्ये आपल्या लोकांनी धरणे धरले, ते येथील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. माझ्या थोरल्या बहिणीचे लग्न ठरले, तेव्हा एका कचेरीत वडिलांना विचारले गेले, की तुमच्या आजीची आजी कोण होती आणि त्याला पुरावा काय? वडिलांपाशी कागद नव्हता. ते मराठीत म्हणाले, “आमच्या घरात चिंबोरी कधी शिजली नाही.” मी लहान होतो. भाषांतर करण्याचे काम माझ्याकडे आले आणि चिंबोरीला हिब्रूत काय म्हणतात ते मला ठाऊक नव्हते. मी हाताची बोटे वाकडी करून दाखवली. कारकून हसला. वडील हसले नाहीत.

त्या दिवसापासून पुराव्याच्या बाबतीत मी जरा कठोर झालो आहे, म्हणून पुढचे बोलणे काहींना रुचणार नाही. अलिबाग हे नाव आपल्यातील अली नावाच्या श्रीमंत बागाईतदारावरून पडले, असे आपण मुलांना छातीठोकपणे सांगतो. कुलाबा जिल्ह्याच्या १८८३ च्या गॅझेटियरात मात्र अली हा विहिरी आणि बागा करणारा श्रीमंत मुसलमान होता, असे म्हटले आहे. आपली आख्यायिका आपण जरूर सांगावी, पण ती आख्यायिका म्हणून सांगावी. ज्यांच्या वंशाविषयी एकदा शंका घेतली गेली, त्यांनी तरी न टिकणारा दाखला पुढे करू नये. गावाचे नाव कोणाचेही असेना, आडनावे आपलीच आहेत. नवगावकर, किहीमकर, थळकर, झिराडकर, चेऊलकर, पेणकर. या फेरीच्या वाटेवर लागणाऱ्या पाट्या वाचत चला, आपल्या सिनेगॉगची निम्मी सभासद-यादी सापडेल.

बाजारातून इस्राएल आळीत या. गावाने हे नाव आजही ठेवले आहे. आळीतील बहुतेक घरे आता दुसऱ्यांची आहेत. आमचेही आहे. तेथे राहणाऱ्या बाईंनी मला आत बोलावले, पाणी दिले आणि चौकटीवरील तिरपी खूण दाखवून विचारले, “काका, येथे काय होते हो?” मेझुझा काढून नेल्याची ती खूण होती. रंगाचे कितीतरी हात बसले, तरी ती बुजलेली नाही.

आळीतच मागेन आबोथ सिनेगॉग आहे. आपले जुने लोक त्याला मशीदच म्हणत. ते प्रथम १८४८ मध्ये बांधले गेले आणि १९१० मध्ये पुन्हा उभारले गेले. मुद्दाम ते शेवटी ठेवले आहे. किल्ला, बाजार आणि आळी पाहून, थोडे दमून आत गेलात, म्हणजे तेथील बाकावर बसावेसे वाटेल. छायाचित्र खुशाल काढा, पण आधी बसा.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. गावात आता आपली मोजकीच कुटुंबे उरली आहेत. मी गेलो, त्या दुपारी आम्ही सहाजण होतो. मिन्हा ज्याने त्याने मनातच म्हटली, कद्दिश झाले नाही. तुमच्या गटात तेरा वर्षांवरील पुरुष किती आहेत ते निघण्यापूर्वी मोजा. दहा भरत नसतील, तर तेथील मंडळींना आधी कळवा, ते आसपासच्या गावांतून माणसे जमवतील. फेरी दुपारी तीनपर्यंत संपवा आणि सिद्दुर बरोबर न्या.