अदृष्टाचा पुरावा

वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर चैत्री पौर्णिमेस सासनकाठ्या नाचतात आणि गुलालानें सारा परिसर माखून निघतो. याच जोतिबाच्या नांवावरून १८२७ सालीं जन्मलेल्या एका बालकाचें नांव ठेविलें, असें चरित्रकार सांगतात. त्या जोतीराव फुल्यांनीं पुढें मूर्तिपूजा नाकारली, पण ईश्वर नाकारला नाहीं. त्यास त्यांनीं 'निर्मीक' म्हटलें. निर्मीक दिसत नाहीं, मग तो मानावा कां? विज्ञानहि अदृष्ट वस्तु मानितें, असें उत्तर पुष्कळदां मिळतें.

तें तपासून पाहूं. युरेनसच्या गतींतील विसंगतीवरून लव्हेरिए यानें एका अदृष्ट ग्रहाचें स्थान गणितानें सांगितलें, आणि १८४६ सालीं बर्लिनच्या वेधशाळेंत नेपच्यून सांपडला. त्याच पंडितानें १८५९ सालीं बुधाच्या गतीवरून आणखी एक ग्रह कल्पिला. तो कधींच सांपडला नाहीं. १९१५ सालीं आइन्स्टाइननें त्या गतीचा उलगडा ग्रहावांचूनच केला. तेव्हां नुसतें अदृष्ट असणें हा पुरावा नव्हे. खोटें ठरण्याची जोखीम पत्करून जें अनुमान टिकतें, त्यालाच विज्ञान मान देतें.

निर्मीकास ही कसोटी लावतां येत नाहीं. म्हणून त्याच्या बाजूनें विज्ञानाची साक्ष काढूं नये. मात्र १८७३ सालीं सत्यशोधक समाज स्थापणाऱ्या फुल्यांना निर्मीक हवा होता तो निराळ्या कामासाठीं: सर्व माणसें एकाच निर्मात्याचीं लेंकरें, म्हणून देव आणि भक्त यांमध्यें दलाल नको, हें सांगण्यासाठीं. त्यानें ईश्वर सिद्ध होत नाहीं. परंतु एखादी श्रद्धा माणसाला माणसाशीं कसें वागावयास लावते, हें दृष्ट आहे. तें जोखण्यास दुर्बीण लागत नाहीं.