क्रॅप्स

क्रॅप्स हा दोन फाशांनी खेळला जाणारा जुगाराचा एक प्रकार आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कॅसिनोंमध्ये तो विशेष प्रचलित आहे. फासे एका वेळी एकच खेळाडू टाकतो. मात्र टेबलाभोवतीचे सर्व खेळाडू त्याच्या दानावर पैज लावू शकतात.

इतिहास

क्रॅप्सचा उगम 'हॅझर्ड' या जुन्या इंग्लिश खेळात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी बर्नार्ड द मॅरिन्यी या जमीनदाराने तो न्यू ऑर्लिन्स येथे रूढ केला, असे सामान्यतः मानले जाते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन सैनिकांमध्ये हा खेळ लोकप्रिय होता.

खेळाची पद्धत

फासे टाकणाऱ्यास 'शूटर' म्हणतात. त्याने एकाच हाताने फासे टाकावेत आणि ते टेबलाच्या समोरच्या भिंतीवर आदळावेत, असा नियम असतो. फेरीतील पहिल्या दानास 'कम-आउट' म्हणतात. 'पास लाइन' ही मूलभूत पैज असून तिचा निकाल पुढीलप्रमाणे लागतो :

* पहिल्या दानात ७ किंवा ११ पडल्यास पैज जिंकली जाते.
* २, ३ किंवा १२ पडल्यास ती हरली जाते. या दानांना 'क्रॅप्स' म्हणतात.
* ४, ५, ६, ८, ९ किंवा १० पडल्यास तो अंक 'पॉइंट' ठरतो. त्यानंतर ७ च्या आधी पॉइंट पुन्हा पडल्यास पैज जिंकली जाते. ७ आधी पडल्यास ती हरली जाते आणि फासे पुढील खेळाडूकडे जातात.

'डोन्ट पास' ही पैज बहुतांशी याच्या उलट असते. तीत पहिल्या दानात १२ पडल्यास सामान्यतः हारजीत होत नाही.

संभाव्यता

दोन फासे ३६ प्रकारे पडू शकतात. त्यांपैकी ६ प्रकारे ७ ही बेरीज येते. ६ व ८ प्रत्येकी ५, ५ व ९ प्रत्येकी ४, तर ४ व १० प्रत्येकी ३ प्रकारे येतात. त्यामुळे कोणताही पॉइंट ठरला, तरी त्याच्या आधी ७ पडण्याची शक्यता अधिक असते.

पास लाइनवरील दर ४९५ पैजांपैकी सरासरी २४४ जिंकल्या जातात आणि २५१ हरल्या जातात. म्हणजेच पणास लावलेल्या १०० डॉलरमागे खेळाडूचे सरासरी १.४१ डॉलरचे नुकसान होते. डोन्ट पासमध्ये हे प्रमाण १.३६ आहे. पॉइंट ठरल्यानंतर लावता येणाऱ्या 'ऑड्स' या पूरक पैजेचा मोबदला मात्र खऱ्या संभाव्यतेनुसार मिळतो. तीत कॅसिनोचा वाटा नसतो.

याउलट, पुढचे दान सातच पडेल या 'एनी सेव्हन' पैजेचा मोबदला सामान्यतः चौपट असतो. वास्तविक संभाव्यतेनुसार तो पाचपट असावयास हवा. या फरकामुळे तीत १०० डॉलरमागे सरासरी १६.६७ डॉलर जातात.

प्रत्येक दान स्वतंत्र असते. बराच वेळ ७ न पडल्यामुळे ते पुढे पडण्याची शक्यता वाढत नाही. सलग काही डाव जिंकता येत असले, तरी खेळ जितका लांबतो तितका निकाल वरील सरासरीकडे झुकतो. हरलेली रक्कम परत मिळवण्यासाठी पैज वाढवत नेल्याने हे प्रमाण बदलत नाही. केवळ पणास लागलेली रक्कम वाढते.