तंबोऱ्याला तारा किती?

यादवांची राजधानी आधी नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरला होती. बाराव्या शतकाच्या अखेरीस पाचव्या भिल्लमाने ती देवगिरीला नेली. पुढे त्याच्या नातवाच्या, म्हणजे सिंघणाच्या दरबारात शार्ङ्गदेव नावाचा एक अधिकारी हिशेबाचं खातं सांभाळत होता. त्याचं घराणं काश्मीरहून दक्षिणेत आलेलं. या हिशेबनिसाने 'संगीतरत्नाकर' लिहिला आणि त्यातल्या वाद्याध्यायात वीणांची मोजदाद केली. एका तारेची एकतंत्री, दोन तारांची नकुल, तीन तारांची त्रितंत्री, सातांची चित्रा, नवांची विपंची आणि एकवीस तारांची मत्तकोकिला. वाद्याला तारा किती असाव्यात, हा प्रश्न आपल्याकडे निदान तेव्हापासून इतक्या स्वच्छपणे मांडलेला आहे.

या यादीची दोन टोकं फार बोलकी आहेत. मत्तकोकिलेत तीन सप्तकांचे एकवीस स्वर आणि प्रत्येकाला स्वतःची तार. एकतंत्रीत याच्या बरोबर उलट: तार एकच, तिला पडदेही नाहीत, आणि सगळे स्वर तिच्यावरच सरकत सरकत शोधायचे. शार्ङ्गदेवाने सर्वात मोठा मान दिला तो एकतंत्रीला. तिच्या दर्शनाने आणि स्पर्शाने पापं जातात असं तो सांगतो आणि तिच्या एकेका भागात एकेक देवता पाहतो. तार उमा, दांडी शंभू. तार आणि तिच्याखालची पट्टी, म्हणजे पत्रिका, यांच्यामध्ये नाद खुलवण्यासाठी बांबूची एक बारीक काडी सरकवायची असे. तिला तो जीवा म्हणतो आणि तिला चंद्राचं स्थान देतो.

एकतंत्री आज कुणी वाजवत नाही. पण ती काडी टिकली. आजच्या तंबोऱ्याच्या घोडीवर प्रत्येक तारेखाली जो सुती किंवा रेशमी दोरा सरकवतात, तो त्या काडीचं काम करतो. त्यालाही जीव किंवा जवारीचं सूत म्हणतात. घोडीचा माथा सपाट नसतो, त्याला अगदी किंचित उतार असतो. तार त्या उतारावर हलकेच टेकते, सुटते, पुन्हा टेकते. हा उतार आणि त्यातून उमटणारा झंकार म्हणजे जवारी. सुताची जागा केसभर बदलली की तारेचा आवाज मिटतो किंवा एकदम उमलतो. १९२१ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन यांनी वीणा आणि तंबोरा या वाद्यांवर लिहिलेल्या निबंधात याच जागेचा अभ्यास केला. साध्या तारेला आपण जिथे छेडतो, त्या जागेवरून काही उपस्वर, म्हणजे मूळ स्वराबरोबर उमटणारे वरचे स्वर, दबतात. तंबोऱ्याच्या तारेत ते दबत नाहीत, सगळे ऐकू येतात, हे त्यांनी दाखवलं. तारांच्या संख्येचा विचार करताना ही गोष्ट विसरून चालत नाही, कारण तंबोऱ्याची एक तार म्हणजे एक स्वर नव्हे.

तंबोरा आपल्या इतिहासात उशिरा येतो. सतराव्या शतकातल्या अहोबलाच्या 'संगीतपारिजात' ग्रंथात तुंबुऱ्याचे दोन प्रकार येतात, एक पडद्यांचा आणि दुसरा बिनपडद्यांचा. बिनपडद्यांचा तो आपला तंबोरा. त्याने शार्ङ्गदेवाच्या दोन्ही टोकांपेक्षा वेगळीच वाट धरली. त्याच्या तारांवर धून वाजवायचीच नसते. त्या मोकळ्या छेडायच्या, एकामागून एक, न थांबता. तारांचं काम गाणं नसून गाण्याखालची जमीन धरून ठेवणं, हा विचार एकदा पक्का झाल्यावर किती तारा पुरतात हे ठरवणं सोपं झालं. उत्तर आलं चार.

या चार कशा जुळतात ते पाहिलं की त्यामागचा शहाणपणा कळतो. पहिली तार पंचमाची. मधल्या दोन षड्जाच्या, त्या पोलादी आणि तंतोतंत सारख्या, म्हणून त्यांना जोड म्हणायचं. चौथी पितळेची जाड तार खालच्या षड्जाची, ती खर्ज. पहिली तार मधल्या बोटाने, उरलेल्या तीन तर्जनीने. पुरुष गायक काळी एकमध्ये गात असेल तर खर्जाची तार सेकंदाला सुमारे एकोणसत्तर कंपनं करते. जोडाच्या दोन तारांमुळे षड्ज मध्येच तुटत नाही, आणि खर्ज वाजून विरायच्या आत पुढचा पंचम आलेला असतो. जोडातली एक तार काढून टाकली तर वर्तुळात खड्डा पडतो. म्हणून तीन तारांचा तंबोरा अपुरा वाटतो असं माझं मत आहे.

आता उपस्वरांचा हिशेब मांडू. खर्जाच्या तारेतला पाचवा उपस्वर म्हणजे शुद्ध गंधार. तोच तो स्वयंभू गंधार, जो ऐकू आला की तंबोरा जुळला असं गवई म्हणतात. पंचमाच्या तारेतला तिसरा उपस्वर म्हणजे ऋषभ, पाचवा म्हणजे शुद्ध निषाद. म्हणजे षड्ज आणि पंचम एवढ्या दोनच स्वरांत लावलेल्या चार तारांतून गंधार, ऋषभ, निषाद न मागता मिळतात. जवारी नीट लागली असेल तर यमनसाठी लागणारा निषाद पंचमाच्या पोटातच असतो.

महाराष्ट्रात हा चारांचा हिशेब मैफलीपुरता नाही. त्र्यंबकेश्वरहून संत निवृत्तिनाथांची पालखी पंढरीला निघते तेव्हा दिंडीत वीणेकरी असतो. त्याच्या गळ्यातल्या वीणेला बहुधा चारच तारा असतात. तिला पडदे असले तरी ती आधारस्वरासाठीच छेडली जाते. अखंड हरिनाम सप्ताहात ही वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. गावातली माणसं रात्रंदिवस पाळीपाळीने पहारा धरतात. गोंधळ्याच्या आणि तमाशाच्या तुणतुण्याला मात्र अजून एकच तार आहे, आणि तिला दुसरी जोडावी असं कुणाला वाटलेलं नाही. ते वाद्य सुराबरोबर ठेकाही धरतं, त्यामुळे दुसरी तार तिथे अडचणच करील.

चार तारांचा तंबोरा घडवण्याचं कसब मिरजेत वाढलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात फरीदसाहेब नावाच्या शिकलगाराने हत्यारांचं काम सोडून वाद्यं घडवायला घेतली. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय त्यांना होता. त्यांच्या घराण्यातल्या पिढ्या आजही सतारमेकर म्हणून ओळखल्या जातात. भोपळे सोलापूर जिल्ह्यातल्या पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे, दांडी आणि तबली तुणाच्या लाकडाची. मिरजेत स्थायिक झालेले गायक अब्दुल करीम खाँ तंबोऱ्याची दुरुस्ती आणि जवारी स्वतःच्या हाताने करत. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ते फार आधी मिळायला हवं होतं.

याच मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विष्णू दिगंबर पलुस्कर शिकले. लहानपणी शोभेच्या दारूच्या भडक्याने दृष्टी अधू झालेला कुरुंदवाडचा हा मुलगा. १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, पुढे मुंबईत आणलं, त्याला जोडून छापखाना आणि वाद्यांचा कारखाना चालवला. कर्जापायी मुंबईची इमारत लिलावात गेल्यावर त्यांनी मुक्काम हलवला तो नाशिकला, पंचवटीतल्या रामनाम आधाराश्रमात. उत्तरायुष्यात ते रामकथा गात आणि सांगत. त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय विष्णू पलुस्कर यांचा जन्म २८ मे १९२१ चा, नाशिकचाच. वडील १९३१ मध्ये मिरजेला वारले तेव्हा ते दहा वर्षांचे होते आणि १९५५ मध्ये अवघ्या चौतिसाव्या वर्षी स्वतःही गेले. त्यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकताना आवाजाच्या मागचा तंबोरा मुद्दाम ऐका. इतका निर्मळ, सरळ सूर लावणाऱ्या गायकाला मागे तारांची गर्दी लागत नाही.

मग पाचवी तार आली कशाला? चार तारांत पहिली तार एवढीच बदलता येते, तिथेच गायकाची कोंडी होते. मारव्यात पंचम नाही आणि मध्यम तीव्र, तेव्हा पहिली तार निषादावर किंवा धैवतावर न्यावी लागते. पूरियाला निषाद. मालकंस, बागेश्री, ललित यांना मध्यम. यमनमध्ये कुणाला पंचम हवा असतो, कुणाला निषाद, आणि कुणाला दोन्ही. या शेवटच्या लोकांसाठी पाच तारांचा तंबोरा: पंचम, निषाद, जोडाच्या दोन तारा, खर्ज. सहा तारांच्या तंबोऱ्यात काही गायक जोडाची आणखी एक तार लावतात, काही रागातला आपल्या जवळचा एखादा स्वर. मिरजेचे कारागीर आज चारही करतात, पाचही आणि सहाही.

वाढीव तारेची किंमत घोडीवर मोजावी लागते. दांडी रुंद, खुंट्या जास्त, तबलीवर ताण जास्त. जवारी करणाऱ्याला तोच उतार आणखी एका तारेखाली तितकाच अचूक साधावा लागतो, नाहीतर एक तार बोलते आणि शेजारची कुजबुजते. शिवाय नव्या तारेबरोबर तिचे उपस्वरही येतात. शुद्ध निषादाच्या तारेतून तीव्र मध्यम डोकावतो. यमनमध्ये तो गोड, पण कोमल निषादाच्या रागात ती तार उतरवून दुसऱ्या स्वरावर न्यावीच लागते. म्हणजे फिरवाफिरवीचा त्रास पाचव्या तारेने वाचत नाही. आपल्या जुन्या मैफलीतली युक्ती मला अधिक शहाणी वाटते: गायकाच्या मागे चार-चार तारांचे दोन तंबोरे, एक पंचमाचा आणि दुसरा निषादाचा किंवा मध्यमाचा. दोन्ही नाद हवेत मिसळतात आणि प्रत्येक घोडीवर चारच तारांचा भार राहतो.

पाश्चात्त्य संगीतात खर्ज सांभाळणाऱ्या वाद्याचा प्रवासही याच आकड्याभोवती फिरला. एकोणिसाव्या शतकात इटलीचा बोत्तेसिनी तीन तारांच्या डबल बासवर मैफली गाजवत होता. पुढे चार तारा रुळल्या. गिटार बनवणाऱ्या लिओ फेंडरने १९५१ मध्ये बाजारात आणलेल्या प्रिसिजन बास या इलेक्ट्रिक बासने त्याच चार तारा, त्याच स्वरांत गिटारवर घेतल्या. सर्वात खालची तार सेकंदाला सुमारे एक्केचाळीस कंपनांची, आपल्या खर्जाच्याही खाली. फेंडरनेच १९६५ मध्ये पाच तारांचा बास काढला, पण पाचवी तार वरच्या बाजूला लावली, आणि तो चालला नाही. १९७५ मध्ये बासवादक अँथनी जॅक्सनने कार्ल थॉम्पसन या कारागिराकडून सहा तारांचा बास घडवून घेतला. १९८० च्या दशकात सिंथेसायझर चार तारांच्या खाली उतरू लागला तेव्हा बासवाल्यांनाही तिथे जाणं भाग पडलं, आणि खालची, सुमारे एकतीस कंपनांची पाचवी तार सगळीकडे पसरली. तिथेही तार वाढली ती नेमका एक स्वर कमी पडत होता म्हणून. नुसती तार वाढवून पाहिली तेव्हा ती टिकली नाही.

त्यामुळे नाशिकच्या एखाद्या ऑर्केस्ट्रात वाजवणारा मुलगा चार तारांचा बास घ्यावा की पाचांचा असं विचारत असेल, किंवा गाणं शिकणारी मुलगी तंबोऱ्याबद्दल तेच विचारत असेल, तर दोघांना माझं उत्तर सारखंच आहे. आधी चार. चार तारांवर जो स्वर वाजवता किंवा ऐकता येत नाही त्याचं नाव सांगता आलं, की त्या दिवशी पाचवी घ्या. नाव सांगता येत नसेल तर कमी पडतेय ती तार नव्हे. तंबोऱ्याच्या बाबतीत तर शंभरातल्या नव्वद वेळा ती जवारी असते, आणि जवारीचा कारागीर नव्या तंबोऱ्यापेक्षा पुष्कळ स्वस्तात पडतो.

आता बहुतेक वर्गांत आणि घरांत मोबाइलमधला तंबोरा चालतो. पडद्यावर बोट लावलं की चाराच्या पाच तारा होतात, पंचमाचा मध्यम होतो. रियाजाला तो चांगला आहे, प्रवासात तर उत्तमच. पण त्यात जोडाच्या दोन तारा आपण जुळवत नाही, सूत सरकवत नाही, आणि गंधार केव्हा उमटला ते शोधत नाही. नाशिकच्या गायनवर्ग चालवणाऱ्या सर्व गुरुजनांना आणि ताईंना विनंती आहे: वर्गात चार तारांचा एक तरी खरा तंबोरा ठेवा, आणि वर्ग सुरू होण्याआधी तो जुळवण्याचं काम रोज एका विद्यार्थ्याकडे द्या.