घामाची नोंद कुठे सापडते?

नगरकडच्या जत्रेतला हगामा पाहिलाय का? पैलवान सारखी मूठभर माती उचलून स्वतःच्या आणि जोडीदाराच्याही अंगाला चोळतात. तो नुसता रिवाज नव्हे. घामाने पकड निसटते, माती ती परत मिळवून देते. तालमीतली तांबडी माती तर ताक, तेल, हळद, लिंबू घालून मुद्दाम कमावलेली असते.

आता खाशाबा जाधवांकडे बघा. १९४८ ला लंडनमध्ये सहावे, १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक. मीही आधी एवढंच टिपून ठेवलं होतं. पण मातीत घडलेल्या या पैलवानाला मॅटवर घामासाठी उचलायला मातीच नव्हती! हा प्रश्न पदकांच्या यादीत दिसत नाही. तो हौद्यात उभं राहिल्यावर सुचतो. आजच्या आंतरराष्ट्रीय नियमांत तर घामेजल्या अंगाने मॅटवर उतरायलाच मनाई आहे.