पहिल्या कपाला प्रायश्चित्त, आता ‘नको’ म्हणायची चोरी: चहा-बिस्किटाचा इतिहास

आजच्या भागाची सुरुवात आमच्या स्वयंपाकघरातून करते. वेळ रात्रीचे सव्वाअकरा. घरात सामसूम. मी दिवा न लावता, आवाज न करता बिस्किटांच्या डब्याकडे निघाले होते. मोबाईलचा उजेड समोर पडला आणि दिसलं काय, तर तिथे बाबा आधीच उभे. हातात गार झालेल्या चहाचा कप, कपात अर्धं बिस्किट.

दोघंही चोर. कोण कोणाला बोलणार?

त्याच आठवड्यात बाबांचा तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट आला होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या आणि खाणं सुधारायला सांगितलं होतं. आई बाबांसाठी वेगळा, बिनसाखरेचा चहा करायला लागली होती. आम्ही बाकीचे त्यांच्यासमोर बसून नेहमीचा गोड चहा प्यायचो. आता विचार केला की वाटतं, किती दुष्टपणा! पण तेव्हा आम्ही त्याला ‘पथ्य’ म्हणत होतो, आणि बाबांनी ते मोडलं की ‘अहो, जरा मनाचा निग्रह ठेवा’ असं त्यांना ऐकवत होतो.

दुसऱ्या दिवशी मी किराण्याची यादी काढली. आजी, आई, बाबा आणि मी, चार माणसं. महिन्याची साखर पाच किलो. भागाकार करून बघा: माणशी रोज 41 ग्रॅमच्या वर, म्हणजे साधारण आठ चमचे. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सांगितलेली मर्यादा मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 50 ग्रॅम आहे, आणि 25 च्या आत राहिलात तर उत्तम. आमच्या 41 ग्रॅममध्ये बिस्किटं, सॉस, सरबताच्या बाटल्या धरलेल्याच नाहीत. आणि घरात गोडधोड तर फक्त सणाला होतं. मग ही साखर जाते कुठे? सरळ उत्तर, चहात.

तेव्हा मला प्रश्न पडला, की हा कप आपल्या घरात आला कधी? चला, मागे जाऊ. पुण्यातच, पण 1890 सालात.

ऑक्टोबर महिना. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यान होतं. शहरातली नामवंत मंडळी आली होती. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. व्याख्यानानंतर मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं पुढे केली. काहींनी चहा घेतला, काहींनी कप नुसता हातात धरला. पुढे गोपाळराव जोशींनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाई जोशींच्या पतींनी, हजर असलेल्यांची नावं छापून आणली आणि पुण्यात गहजब झाला. बहिष्काराची भाषा सुरू झाली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी झाली आणि शेवटी प्रायश्चित्ताचा मुद्दा आला. रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतलं आणि त्यावरून त्यांच्यावर सुधारकांकडूनच टीका झाली.

आता एक गोष्ट नीट समजून घेऊ. हा वाद आरोग्याचा नव्हता. चहा कोणाच्या हातचा, हा प्रश्न होता. जातीधर्माच्या त्या भिंती पडायलाच हव्या होत्या, त्याबद्दल हळहळ नाही. मला चकित करते ती वेगळीच गोष्ट. 1890 मध्ये दुसऱ्याच्या घरचा चहा घेतला म्हणून माणूस अडचणीत यायचा. आज घेतला नाही म्हणून येतो! ‘आमच्याकडचा चहा चालत नाही का?’ हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. एवढी उलटापालट आपोआप होत नाही. ती घडवावी लागते.

ती घडवली कोणी? आसाम-दार्जिलिंगच्या मळ्यांमधला चहा मुख्यतः इंग्लंडसाठी पिकत होता. 1903 साली मळेवाल्यांच्याच मागणीवरून सरकारने चहाच्या निर्यातीवर एक छोटा कर बसवला. त्या पैशातून चहाचा प्रचार करायचा होता, परदेशात आणि इथेही. 1930 च्या आसपास जगभर मंदी आली, बाहेरचे भाव कोसळले आणि सगळ्यांचं लक्ष इथल्या घरांकडे वळलं. एवढी माणसं, आणि बहुतेकांना चहा माहीतही नाही!

मग सुरू झाली जाहिरातीची मोठी मोहीम. प्रचारक किटली घेऊन गल्लोगल्ली फिरायचे. लोकांसमोर चहा करून दाखवायचे, फुकट कप द्यायचे. रेल्वे स्टेशनांवर वेगवेगळ्या भाषांत पाट्या लागल्या: पाणी किती, पत्ती किती, किती वेळ झाकून ठेवायची. गिरण्या, कारखाने, खाणी इथे चहाची सुट्टी आणि चहाची टपरी आली. जेवणाच्या मध्ये एक कप प्यायला की भूक मरते आणि तरतरी येते, हे कामगारालाही परवडणारं होतं आणि मालकालाही. स्वातंत्र्याच्या सुमाराला तर चरख्यासमोर बसलेली बाई हातात कप घेऊन दाखवणारं पोस्टर निघालं. चहा शंभर टक्के स्वदेशी, असा त्याचा दावा!

गंमत म्हणजे गांधीजी चहाच्या विरोधात होते. 1942 साली आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना त्यांनी आरोग्यावर जे पुस्तक लिहायला घेतलं, त्यात चहा-कॉफीची शरीराला गरज नाही असं ते स्पष्ट सांगतात. म्हणजे ज्या पुण्यात 52 वर्षांपूर्वी चहावरून वाद पेटला, त्याच पुण्यात. पण तोवर किटली फार पुढे निघून गेली होती.

आता यात साखर कुठून आली? प्रचारकांना हवा होता भरपूर पत्तीचा चहा. टपरीवाल्याने मात्र हिशोब केला. पत्ती महाग, म्हणून ती कमी टाकायची, दूध, साखर, आलं घालून उकळायचं, आणि गिऱ्हाईक खूश. मळेवाल्यांना हे मुळीच आवडलं नव्हतं. पुढे ‘सीटीसी’ पद्धतीची बारीक दाणेदार पत्ती आली. ती स्वस्त, थोडक्यात भरपूर कप देणारी, पण कडक. तिला दूध-साखर लागतेच.

आणि साखर तर आपल्या दारातच पिकायला लागली. 1932 मध्ये सरकारने बाहेरच्या साखरेवर जकात लावून इथल्या कारखान्यांना संरक्षण दिलं. मग विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा राहिला. 1950-51 मध्ये त्याचा गळीत हंगाम सुरू झाला आणि पाठोपाठ महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली. त्या साखरेने गावात शाळा आल्या, दवाखाने आले, हे विसरून चालणार नाही. माझे आजोबाही नगर जिल्ह्यातल्या एका कारखान्याचे सभासद होते. दिवाळीला सवलतीच्या साखरेचं पोतं घरी यायचं. आजी सांगते, तिच्या माहेरी गुळाचा कोरा चहा असायचा, तोही पाहुणे आले तरच. सासरी पोतं आलं आणि पांढऱ्या साखरेचा चहा ही ऐपतीची खूण झाली. कप जितका गोड, तितका मान मोठा.

(गुळाचं नाव काढलं म्हणून सांगते, आता लगेच गुळाचा चहा सुरू करू नका. रक्तातल्या साखरेच्या दृष्टीने गूळही साखरच आहे.)

तर मंडळी, हे सगळं वाचल्यावर मला बाबांचा निग्रह कमी वाटेना. चहा मळेवाल्यांनी दारात आणला, गोडी टपरीने वाढवली, साखर पोत्याने आली आणि या सगळ्याला आपण ‘पाहुणचार’ असं सुंदर नाव दिलं. आता त्याच्याशी रात्री सव्वाअकराला एकट्या माणसाने अंधारात लढायचं?

म्हणून आम्ही बाबांचं पथ्य बंद केलं आणि घराची यादी बदलली. साखर पाचाची दोन किलो. चहा एकच, सगळ्यांचा बिनसाखरेचा. ज्याला हवी त्याने चमच्याने वरून घालायची, बाबांनी मात्र नाही. बिस्किटांच्या डब्यात फुटाणे आणि शेंगदाणे. दिवसातला एक कप कमी.

पहिले दहा दिवस भयंकर गेले. आजी म्हणाली, ‘हा चहा आहे का औषधाचा काढा?’ आत्या आली तेव्हा आईने तिच्यासाठी गुपचूप साखर घातलीच. मी ऑफिसमध्ये दोन वेळा बिस्किटं खाल्ली, तेही कबूल करते. बाबांच्या गोळ्या सुरूच आहेत आणि त्या बंद करायच्या की नाही, हे डॉक्टर ठरवतील. पण परवा लग्नात गोड चहाचा घोट घेऊन बाबांनी तोंड वाकडं केलं आणि माझ्या कानात म्हणाले, ‘अगं, हा तर पाक आहे!’

त्या रात्री स्वयंपाकघरात कोणी गेलं नाही, असं मी म्हणणार नाही. आम्ही दोघंही गेलो. दिवा लावून. फुटाणे खाल्ले.

आजची सवय ही आपली फार जुनी परंपरा आहे असं वाटतं ना, तेव्हा तिचं वय विचारा. आमच्या घरच्या गोड चहाचं वय निघालं जेमतेम आजीएवढं. तुमच्या घरच्या किराण्याच्या यादीत एकदा डोकावून भागाकार करा आणि आकडा मला कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर चहा घ्या, पण चमचा मोजून.