पाण्यापलीकडचा वॉर्ड

पालम तालुक्यात गोदावरीच्या पात्रात जांभूळबेट आहे. जांभळीची दाट झाडी, मोर आणि चहूबाजूंनी पाणी. पण पावसाळ्यात काठावरच्या गावांचीही बेटं होतात. लेंडी नदीला पूर आला की फळा, आरखेड, सोमेश्वर या गावांचा पालमशी संपर्क तुटतो. अशाच एका गोदाकाठच्या गावात माझं आजोळ. निवडणुकीचा इतिहास मी शाळेच्या आधी तिथल्या ओसरीवर ऐकला.

आजोबांचं तरुणपण निजामी राजवटीत गेलं. गावचा कारभार पाटील-कुलकर्ण्यांच्या वतनात. बापामागं लेक कारभारी व्हायचा, गावाला कुणी विचारत नसे. १७ सप्टेंबर १९४८ ला भारताच्या लष्करी कारवाईनं, म्हणजे ‘पोलीस ॲक्शन’नं, निजामाची सत्ता संपली. जुनी माणसं काळ मोजायची तो ‘पोलीस ॲक्शनच्या आधी’ आणि ‘पोलीस ॲक्शननंतर’ असाच.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याची निशाणी. अक्षर न येणाराही निशाणी पाहून चिठ्ठी टाकी. मतदार यादी करताना बायका स्वतःचं नाव सांगायला लाजत. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच सांगत. देशभरात अशा सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गळाली. आजीनं मात्र नाव सांगितलं. “सासरी आल्यापून माझं नाव पहिल्यांदा सरकारनंच इचारलं बघ,” असं ती म्हणायची, तेव्हा तिचा आवाज बदलायचा.

पुढं १९५८ चा ग्रामपंचायत कायदा आला, १९६२ च्या कायद्यानं वंशपरंपरेची महसुली पाटीलकी गेली. तरी पंच बहुधा जुन्याच वाड्यांतले. खरा बदल ७३ व्या घटनादुरुस्तीनं झाला. १९९३ पासून बायकांना एक तृतीयांश जागा, महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या. मामी त्याच राखीव जागेवर निवडून आली. तिनं पहिल्या बैठकीत नदीवरच्या पुलाचा विषय काढला. पूल बांधणं ग्रामपंचायतीच्या ऐपतीबाहेरचं. पण ठराव लिहून घ्यायला लावला आणि वर पाठवला. बाळंतपणाच्या कळा आलेली बाई पुरापायी अलीकडंच अडकते, हे कागदावर आलं पाहिजे, हा तिचा हट्ट.

जानेवारी २०२१ मध्ये सरपंचपदाचा लिलाव झाला म्हणून नाशिकमधल्या उमराणे आणि नंदुरबारमधल्या खोंडामळी इथल्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगानं रद्द केल्या. ते ऐकून मला आजी आठवली. तिनं लाज बाजूला सारून मिळवलेलं मत विकायला काढायचा हक्क कुणालाच नाही.

मत एका दिवसाचं, कारभार पाच वर्षांचा. म्हणून २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवसांच्या ग्रामसभा चुकवू नका. तिथं आपल्या वॉर्डाचा प्रश्न उभं राहून मांडा, ठरावात लिहून घ्या आणि पुढच्या सभेत त्याचं काय झालं ते विचारा.