कामाच्या कपड्यांची गोधडी



घरातलं माणूस गेलं की त्याच्या कपड्यांचं काय करायचं, हा प्रश्न कुठल्याही घराला चुकत नाही. कुणी गरजूला देतं, कुणी ट्रंकेच्या तळाशी जपून ठेवतं. आजीचं मऊ लुगडं असेल तर त्याची गोधडी होते आणि नातवंडं ती पांघरून झोपतात. आज आम्ही तुम्हाला अशाच एका गोधडीचा इतिहास सांगणार आहोत. ती शिवली अमेरिकेतल्या एका शेतकरी बाईनं, पण ऐकताना ती शेजारच्या वाडीतलीच वाटेल.

अमेरिकेच्या दक्षिणेला अलाबामा नावाचं राज्य आहे. तिथं नदीनं तीन बाजूंनी वेढलेलं एक गाव आहे, गीज बेंड. पीक कापसाचं. १८४५ साली पेटवे नावाच्या माणसानं तिथला मळा विकत घेतला आणि आपल्या गुलामांना दूरच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातून पायी चालवत तिथं आणलं. मालकाचंच आडनाव त्यांना लागलं. १८६५ साली गुलामगिरी संपली, तरी जमीन काही त्यांची झाली नाही. ते वाट्यानं शेती करत राहिले. बी-बियाणं उधार, खाणंपिणं उधार आणि हिशेबाची वही व्यापाऱ्याच्या हातात. १९३२ साली तो व्यापारी वारला आणि त्याच्या घरच्यांनी सगळी बाकी एकदम वसूल केली. लोकांची जनावरं, अवजारं, साठवलेलं धान्यसुद्धा उचलून नेलं.

अशा गावात नवं कापड कुठून येणार? बायका जुन्या विजारी, सदरे, पिठाची पोती फाडून गोधड्या शिवायच्या. थंडीत पोरं उबेत राहावीत एवढाच हेतू. गोधडी पार विरली की ती जाळून तिच्या धुरानं डास हाकलायच्या. त्यामुळं किती बायांचं किती काम राख झालं, त्याला मोजदाद नाही.

याच गावात मिझूरी पेटवे नावाची बाई राहायची. १९४२ साली, नवरा गेल्यावर, तिनं त्याचे कामाचे कपडे काढले, विजारींचे पाय आणि सदऱ्यांची शेपटं फाडली आणि गोधडी जोडली. त्याची आठवण राहावी आणि त्याच्या मायेखाली निजता यावं म्हणून. तिची मुलगी आर्लोन्झिया तेव्हा सतरा-अठरा वर्षांची होती. ही हकिकत तिनंच पुढं लोकांना सांगितली.

कामाच्या कपड्यांच्या गोधडीत माणूस कसा उरतो, हे शिवणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही. गुडघ्याचा भाग उन्हानं आणि घासून घासून फिका पडलेला असतो. खिसा उसवून काढला की त्याखालचा चौकोन गडद दिसतो. किती वर्षं, किती राबला, हे कापडावर उमटलेलं असतं.

पुढं १९६५ च्या सुमारास तिथली काळी माणसं मतदानाच्या हक्कासाठी उभी राहिली. यादीत नाव घातलं म्हणून कुणाचं काम गेलं, कुणाला घरातून काढलं. १९६६ साली त्या भागातल्या बायांनी गोधड्या शिवून विकण्यासाठी सहकारी संस्था काढली, फ्रीडम क्विल्टिंग बी. फ्रीडम म्हणजे स्वातंत्र्य, आणि ‘क्विल्टिंग बी’ म्हणजे बायांनी मिळून गोधडी शिवायला बसणं. गोधड्यांचा न्यूयॉर्कला लिलाव झाला. संस्थेनं जमीन घेतली आणि घराबाहेर काढलेल्या काही कुटुंबांना तिथं जागा मिळाली. सुई-दोऱ्याच्या पैशातून हे झालं.

२००२ साली गीज बेंडच्या गोधड्या मोठ्या संग्रहालयांत लागल्या, २००६ साली त्या टपाल तिकिटांवर आल्या. मिझूरीची गोधडी आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. पण नाव मोठं झाल्यावर पैशाचा प्रश्नही आला. आपल्याला रास्त वाटा मिळाला नाही म्हणून काही बायका २००७ साली कोर्टात गेल्या. पुढच्या वर्षी तडजोड झाली.

असं काम आपल्या शेजारीही आहे. कर्नाटकात हल्याळ, यल्लापूर भागात सिद्दी बाया जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवतात. त्यांना कवंदी म्हणतात. या समाजातल्या अनेकांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणले गेले होते. कवंदीच्या चारही कोपऱ्यांवर त्या कापडाची ‘फुलं’ लावतात. त्याशिवाय कवंदी उघडी वाटते, असं मानतात.

मैत्रिणींनो, यातून आम्हाला दोन गोष्टी घ्याव्याशा वाटतात. पहिली नावाची. मुलीनं सांगितलं म्हणून मिझूरीची गोधडी कुणाच्या कपड्यांची आहे, हे जगाला कळलं. आपल्या घरी सांगणारं कुणी राहील की नाही, त्यावर कशाला सोडा? गोधडीच्या मागच्या कोपऱ्यात धावदोऱ्यानं तीन गोष्टी घाला: कपडे कुणाचे, शिवली कुणी, साल कोणतं. लिहिता येत नसेल तर नातीकडून खडूनं लिहून घ्या आणि त्यावरून टाका मारा.

दुसरी गोष्ट मोलाची. बचत गटातून गोधड्या विकायच्या असतील तर कापड, दोरा आणि शिवायला लागलेले दिवस वहीत मांडा आणि मगच किंमत सांगा. वाटा कुणाला किती, हे पहिली गोधडी विकायच्या आधीच सगळ्यांच्या सह्यांनिशी ठरवा. आणि आठवणीची गोधडी विकायच्या ढिगात घालू नका. ती घरातच राहू द्या, आणि रोजच्या पांघरुणातही राहू द्या. मिझूरीनं ती अंगावर घ्यायलाच शिवली होती.